भार, स्ट्रेस आणि स्ट्रेनची गणितं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पाठ्यपुस्तकात प्रतिबल आणि विकृती, तर साइटवर आणि ड्रॉइंग ऑफिसात स्ट्रेस आणि स्ट्रेन. इथे दुसरी जोडी वापरली आहे. जमेल तिथे उदाहरणालाही एकच वस्तू घेतली आहे: माइल्ड स्टीलची गोल सळई, व्यास २० मिलिमीटर, लांबी ३ मीटर. तीच सळई वेगवेगळ्या तऱ्हेने भारली की उत्तरं किती बदलतात, हे त्यामुळे सरळ ताडून पाहता येतं.

स्ट्रेस म्हणजे नेमकं काय? भारालाच स्ट्रेस म्हणायचं का?

भार बाहेरून येतो, स्ट्रेस आत तयार होतो. सळई वरून टांगून खाली वजन लावलं आणि मनातल्या मनात ती मधोमध आडवी कापली, तर खालचा तुकडा पडू नये म्हणून वरच्या तुकड्याने त्याला जेवढ्या बलाने धरून ठेवायला हवं, ते आंतरिक बल. हे बल कापलेल्या तोंडावर पसरलेलं असतं. दर चौरस मिलिमीटरच्या वाट्याला त्यातलं जेवढं येतं, तेवढा तिथला स्ट्रेस.

ही कापण्याची कल्पना शेवटपर्यंत सोडू नका. कुठे कापलं आणि कोणत्या दिशेने कापलं, हे ठरल्याशिवाय स्ट्रेसच्या आकड्याला अर्थच येत नाही. फ्रेंच गणिती कॉशी याने १८२२ मध्ये हा विचार गणिताच्या चौकटीत नीट बसवला आणि आजही आपण त्याच वाटेने जातो.

एक साधं गणित करून दाखवाल का?

आपल्या सळईला ५० किलोन्यूटनचा ताण आहे, म्हणजे साधारण ५ टन वजन टांगल्यासारखं. खालच्या गणितात स्ट्रेन म्हणजे मूळ लांबीच्या मानाने झालेली वाढ, आणि यंग्ज मोड्युलस म्हणजे पदार्थाच्या ताठपणाचा आकडा, पोलादाला २,००,००० मेगापास्कल.

छेदाचं क्षेत्रफळ = ३.१४१६ × २० × २० ÷ ४ = ३१४.१६ चौ. मिमी
स्ट्रेस = ५०,००० ÷ ३१४.१६ = १५९ न्यूटन प्रति चौ. मिमी, म्हणजेच १५९ मेगापास्कल
स्ट्रेन = स्ट्रेस ÷ यंग्ज मोड्युलस = १५९ ÷ २,००,००० = ०.०००७९६
लांबीतली वाढ = ०.०००७९६ × ३००० = २.३९ मिमी

पाच टन वजन लावून तीन मीटरची सळई जेमतेम अडीच मिलिमीटर वाढली. डोळ्याला हे दिसणारही नाही, पण सळई तिच्या ताकदीच्या निम्म्याच्या पुढे गेलेली आहे. पोलादाच्या बाबतीत 'दिसत नाही म्हणजे भार कमी आहे' हा अंदाज पार चुकतो.

स्ट्रेनला एकक का नसतं?

लांबीला लांबीने भागलं म्हणून. दर मीटरला किती मीटर वाढ झाली, एवढंच ते सांगतं. आकडा फार लहान येतो, त्यामुळे दहा लाखांनी गुणून तो मायक्रोस्ट्रेनमध्ये बोलतात. वरचं उत्तर ७९६ मायक्रोस्ट्रेन झालं.

माझं उत्तर हजारपट चुकतं. कुठे बघू?

एककात. न्यूटन आणि मिलिमीटर अशी जोडी धरा आणि गणित संपेपर्यंत ती मोडू नका. स्ट्रेस आपोआप मेगापास्कलमध्ये येतो. किलोन्यूटन आला की लगेच हजाराने गुणा. मोड्युलस गिगापास्कलमध्ये दिला असेल तर त्यालाही हजाराने गुणा: २०० गिगापास्कल म्हणजे २,००,००० न्यूटन प्रति चौ. मिमी. उत्तर नेमकं चौपट चुकत असेल तर व्यासाच्या जागी त्रिज्या किंवा त्रिज्येच्या जागी व्यास पडलेला असतो.

यंग्ज मोड्युलस म्हणजे पदार्थाची ताकद ना?

या एका गैरसमजापायी बरीच डिझाइनं बिघडतात. मोड्युलस ताठपणा सांगतो: ठरावीक स्ट्रेसला पदार्थ किती ताणला जाईल. तो कितीला तुटेल हे मोड्युलस सांगत नाही.

पोलादाचा मोड्युलस सुमारे २०० गिगापास्कल, अॅल्युमिनियमचा ७०, काँक्रीटचा साधारण २५ ते ३०, लाकडाचा तंतूंच्या दिशेने १० च्या आसपास. आता गंमत पाहा: माइल्ड स्टीलच्या जागी दुप्पट ताकदीचं स्टील वापरलं तरी मोड्युलस जवळजवळ तोच राहतो. म्हणजे बीम फार वाकतोय अशी तक्रार असेल, तर भारी ग्रेडचं स्टील आणून ती सुटणार नाही. छेदच मोठा करायला हवा, किंवा आधार जवळ घ्यायला हवेत.

हूकचा नियम कुठपर्यंत चालतो?

स्ट्रेस आणि स्ट्रेन एकमेकांच्या प्रमाणात वाढतात, हे रॉबर्ट हूकने १६७८ मध्ये मांडलं. माइल्ड स्टीलमध्ये हे प्रमाण साधारण यील्ड पॉइंटपर्यंत टिकतं. यील्ड २५० मेगापास्कल धरला तर तिथला स्ट्रेन फक्त ०.००१२५, आणि इथपर्यंत भार काढला की सळई मूळ लांबीवर परत येते. त्यापुढे स्ट्रेस जवळपास तेवढाच राहतो, पण सळई ताणतच जाते. मग ती पुन्हा थोडी कडक होते, एका जागी मान बारीक होते आणि तिथे तुटते. तुटेपर्यंत एकूण वाढ २० टक्क्यांच्याही वर जाऊ शकते. यील्डच्या वेळची वाढ ०.१२५ टक्का आणि तुटतानाची २० टक्के, यातलं अंतर म्हणजे माणसांना पळायला मिळणारा वेळ. म्हणूनच बांधकामात हा गुण इतका मोलाचा.

अॅल्युमिनियमसारख्या पदार्थांत यील्डचा असा स्पष्ट टप्पा दिसत नाही. तिथे ०.२ टक्के कायमचा स्ट्रेन राहील एवढा स्ट्रेस 'प्रूफ स्ट्रेस' म्हणून घेतात. आलेखावर ०.००२ स्ट्रेनपासून सुरुवातीच्या रेषेला समांतर रेघ मारायची; ती वक्राला छेदते तो बिंदू.

काच, ओतीव लोखंड, खडू यांना ही सवड नाही. ते मर्यादा आली की एकदम तुटतात.

ताणल्यावर सळई बारीक होते का? मग क्षेत्रफळ कोणतं घ्यायचं?

होते. आडव्या दिशेचा स्ट्रेन म्हणजे लांबीच्या दिशेचा स्ट्रेन गुणिले पॉयसनचं गुणोत्तर. पोलादाला ते सुमारे ०.३, काँक्रीटला ०.२, रबराला जवळजवळ ०.५. आपल्या सळईचा व्यास ०.००४८ मिमीने कमी होईल. एवढ्याशा फरकासाठी मूळ क्षेत्रफळच वापरतात.

यील्डच्या बऱ्याच पुढचं गणित असेल, पत्रा दाबून भांडं घडवायचं असेल, तर मात्र खरा स्ट्रेस काढावा लागतो: नेहमीचा स्ट्रेस गुणिले (१ + स्ट्रेन). ४०० मेगापास्कल आणि २० टक्के वाढ असेल तर खरा स्ट्रेस ४८० येतो. हे सूत्र मान बारीक व्हायला लागेपर्यंतच खरं.

भार बरोबर मध्यावर नसेल तर फार फरक पडतो का?

इतका पडतो की पहिल्यांदा बघणाऱ्याचा विश्वास बसत नाही. ५० किलोन्यूटनचा तोच भार, पण सळईच्या अक्षापासून फक्त २.५ मिमी बाजूला ओढला. आता ताणाबरोबर वाकवणारा मोमेंटही (बल गुणिले अक्षापासूनचं अंतर) आला. गोल छेदासाठी वाकण्याचा स्ट्रेस म्हणजे थेट स्ट्रेसच्या (८ × सरक ÷ व्यास) पट. इथे ८ × २.५ ÷ २० = १. म्हणजे टोकाजवळ एका कडेला १५९ अधिक १५९, एकूण ३१८ मेगापास्कल. समोरच्या कडेला शून्य. २५० च्या यील्डचं स्टील त्या कडेला केव्हाच सैल पडलेलं असेल.

अडीच मिलिमीटर म्हणजे सळईच्या व्यासाचा आठवा हिस्सा. तिरकं वेल्डिंग, थोडं सरकलेलं भोक, किंचित वाकडी प्लेट, यातलं काहीही एवढी सरक सहज आणतं. बल भागिले क्षेत्रफळ हे सूत्र भार अगदी मध्यातून जातो असं गृहीत धरतं. ते गृहीतक लिहून ठेवा आणि जोडणी पाहताना पुन्हा तपासा.

दाबालाही हेच सूत्र चालेल ना? फक्त चिन्ह बदलून?

आखूड, जाड तुकड्याला चालेल. लांब सळईला नाही. ती चिरडण्याच्या खूप आधी बाजूला झुकते. यालाच बकलिंग म्हणतात. ऑयलरने अठराव्या शतकात काढलेलं सूत्र असं: दोन्ही टोकं बिजागरीसारखी मोकळी असतील तर

बकलिंगचा भार = ९.८७ × मोड्युलस × छेदाचा जडत्व आघूर्ण ÷ लांबीचा वर्ग

जडत्व आघूर्ण म्हणजे छेदाचा आकार वाकण्याला किती विरोध करतो ते सांगणारा आकडा. आपल्या सळईचा तो ७,८५४ मिमीचा चौथा घात. आकडे घातले तर भार येतो सुमारे १,७२० न्यूटन. ताणात ५० किलोन्यूटन आरामात पेलणारी सळई दाबात पावणेदोन किलोन्यूटनलाच झुकते, आणि त्या क्षणी तिच्यातला स्ट्रेस असतो फक्त साडेपाच मेगापास्कल. स्ट्रेस तपासला, तो कमी निघाला, म्हणून खांब सुरक्षित असं म्हणणं किती धोक्याचं आहे ते यावरून कळावं. या सूत्रात ताकदीचा आकडा कुठेच नाही, हेही लक्षात घ्या. आहे तो ताठपणा आणि लांबी. मधे एक आधार देऊन लांबी निम्मी केली की क्षमता चौपट होते.

बीममधला स्ट्रेस कसा काढायचा?

बीम वाकला की एक बाजू ताणली जाते, दुसरी दाबली जाते आणि मधे एका पातळीवर स्ट्रेस शून्य असतो. त्या पातळीला न्यूट्रल अॅक्सिस म्हणतात. सर्वात जास्त स्ट्रेस वरच्या आणि खालच्या कडेला असतो. तो म्हणजे मोमेंट भागिले सेक्शन मोड्युलस.

इथे सळई सोडून लाकडी तुळई घेऊ: १०० मिमी रुंद, २०० मिमी खोल, ४ मीटर गाळा, मधोमध ६ किलोन्यूटन. मोमेंट = ६ × ४ ÷ ४ = ६ किलोन्यूटन-मीटर. सेक्शन मोड्युलस = रुंदी × खोलीचा वर्ग ÷ ६ = ६,६६,६६७. स्ट्रेस आला ९ मेगापास्कल. तीच तुळई आडवी पाडली, म्हणजे २०० रुंद आणि १०० खोल, तर स्ट्रेस १८. आणि वाक? उभी ठेवल्यावर १२ मिमी, आडवी ठेवल्यावर ४८. लाकूड तेवढंच, भार तोच. खोलीचा वर्ग स्ट्रेसला लागू होतो आणि घन वाकण्याला, त्यामुळे डिझाइन बऱ्याचदा स्ट्रेसआधी वाकण्यावरच अडतं.

शीअर कुठे धरायचा?

शीअर म्हणजे कात्रीसारखं कातरणारं बल. बोल्ट, रिव्हेट, पिन इथे तर तो धरायचाच. १६ मिमीच्या बोल्टवर २० किलोन्यूटन असेल तर क्षेत्रफळ २०१ चौ. मिमी आणि शीअर स्ट्रेस सुमारे १०० मेगापास्कल. बोल्ट दोन ठिकाणी कातरला जात असेल तर निम्मा. आटे जर कातरण्याच्या पातळीत आले, तर क्षेत्रफळ आट्यांच्या तळाचं घ्या.

पण शीअर साध्या ताणातही लपलेला असतो. आपली सळई आडवी कापण्याऐवजी ४५ अंशांत तिरकी कापली, तर त्या तिरक्या तोंडावर शीअर स्ट्रेस निघतो १५९ च्या निम्मा, जवळपास ८०. माइल्ड स्टीलसारखे पदार्थ याच शीअरने यील्ड होतात.

याचं उलट रूप हातात धरून पाहता येतं. एक खडू घ्या, दोन्ही टोकं चिमटीत धरा आणि न वाकवता फक्त पिळा. तो सरळ आडवा तुटत नाही. तुटलेल्या तोंडावर मळसूत्रासारखा, साधारण ४५ अंशांचा तिरका कंगोरा दिसतो. पिळल्यावर आडव्या छेदावर शीअर असतो, पण ४५ अंशांच्या पातळीवर शुद्ध ताण असतो, आणि खडू ताणाला कच्चा. माइल्ड स्टीलची सळई पिळून तोडली तर ती मात्र आडवीच तुटते, कारण ती शीअरला आधी हार मानते. हा प्रयोग एकदा स्वतः केलेला माणूस 'कोणत्या दिशेने कापलं' हा प्रश्न विसरत नाही.

ताण आणि शीअर एकाच जागी असतील तर बेरीज करायची का?

सरळ बेरीज नाही. समजा ताण १२० आणि शीअर ५०. ताणाचा निम्मा ६०. ६० चा वर्ग अधिक ५० चा वर्ग, त्याचं वर्गमूळ ७८. मग मुख्य स्ट्रेस, म्हणजे त्या जागी वेगवेगळ्या दिशांनी कापल्यावर मिळणारा सर्वात मोठा आणि सर्वात लहान थेट स्ट्रेस, ६० + ७८ = १३८ आणि ६० − ७८ = −१८. ठिसूळ पदार्थासाठी १३८ हा आकडा पाहा. स्टीलसाठी फॉन मिझेसचा निकष लावा: १२० चा वर्ग अधिक ५० च्या वर्गाची तिप्पट, त्याचं वर्गमूळ १४८. हा १४८ यील्डशी ताडायचा.

प्लेटला भोक पाडलं तर तेवढं क्षेत्रफळ वजा केलं की झालं?

अर्धंच झालं. १०० मिमी रुंद, १० मिमी जाड प्लेट, १०० किलोन्यूटन ताण. भोकाशिवाय स्ट्रेस १००. मधोमध २० मिमीचं भोक पाडलं तर उरलेल्या ८०० चौ. मिमीवर सरासरी १२५. मात्र भोकाच्या अगदी कडेला स्ट्रेस या सरासरीच्या सुमारे अडीचपट, म्हणजे ३१० च्या पुढे असतो. खूप रुंद प्लेटमध्ये लहान भोकाला हा गुणक ३ येतो. जर्मन अभियंता कीर्श याने १८९८ मध्ये तो काढला. भोक लंबगोल आणि ताणाला आडवं असेल तर गुणक १ + २ × (आडवा अर्धअक्ष ÷ उभा अर्धअक्ष). चीर म्हणजे जवळजवळ शून्य उंचीचा लंबगोल, त्यामुळे तिच्या टोकाला हा आकडा प्रचंड वाढतो. चिरेच्या टोकाशी गोल भोक पाडून ती थोपवतात, त्यामागचं कारण हेच.

स्थिर भारात माइल्ड स्टील कडेला थोडं यील्ड होऊन भार शेजारी सरकवतं, म्हणून तिथे सरासरीवर भागतं. ठिसूळ पदार्थात किंवा वारंवार बदलणाऱ्या भारात अजिबात भागत नाही. १९५४ मध्ये कॉमेट जातीची दोन प्रवासी विमानं हवेत फुटली. तपासात निघालं की केबिनला पडलेल्या उघड्या जागांच्या कोपऱ्यांपाशी असाच स्ट्रेस साचून, दर उड्डाणाला हवेचा दाब भरून उतरताना धातूला फटिग, म्हणजे पुनःपुन्हा येणाऱ्या भाराचा थकवा, आला होता.

भार काहीच नसताना स्ट्रेस असू शकतो का?

हो. सळई दोन घट्ट भिंतींत जखडली आणि तापमान ३० अंशांनी वाढलं, तर तिला वाढू न दिल्याने दाब तयार होतो: मोड्युलस × प्रसरणांक × तापमानातला फरक = २,००,००० × ०.००००१२ × ३० = ७२ मेगापास्कल. यात लांबी येतच नाही. उलट तीच सळई मोकळी ठेवली तर ती १ मिमीहून थोडी जास्त वाढेल, स्ट्रेन असेल आणि स्ट्रेस शून्य. स्ट्रेन मोजून थेट मोड्युलसने गुणणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं. आपली सळई ३ मीटर लांब आणि २० मिमीची, त्यामुळे ७२ मेगापास्कलच्या कितीतरी आधी ती बकल होईल.

वेल्डिंग आणि असमान थंड होणं यांनीही आत स्ट्रेस अडकून राहतो.

काँक्रीट आणि स्टील एकत्र असतील तर भार कसा वाटला जातो?

दोन्ही एकमेकांना चिकटलेले, म्हणून स्ट्रेन सारखा. स्ट्रेस मात्र मोड्युलसच्या प्रमाणात. ३०० × ३०० मिमीचा आखूड खांब, त्यात २० मिमीच्या चार सळया, भार ८०० किलोन्यूटन, मोड्युलसचं गुणोत्तर ८. स्टील १,२५७ चौ. मिमी, काँक्रीट ८८,७४३. काँक्रीटचा स्ट्रेस = ८,००,००० ÷ (८८,७४३ + ८ × १,२५७) = ८.१, स्टीलचा ६५. छेदात जेमतेम १.४ टक्के असलेलं स्टील दहा टक्के भार उचलतं. पुढे काँक्रीटला क्रीप होतो, ते हळूहळू दबत जातं आणि स्टीलचा वाटा आणखी वाढतो.

भार एकदम पडला तर?

उंचीवरून न टाकता, नुसता टेकवून एकदम सोडला तरी लवचिक हिशोबाने स्ट्रेस दुप्पट होतो: १५९ चे ३१८. उंचीवरून पडला तर त्याहून जास्त. लिफ्ट, क्रेन, यंत्रांचे पाये यांत स्थिर भारावर थांबणं म्हणूनच परवडत नाही.

प्रत्यक्षात स्ट्रेस मोजतात कसा?

मोजला जातो स्ट्रेन; स्ट्रेस त्यातून काढतात. स्ट्रेन गेज म्हणजे पातळ फिल्मवर नागमोडी बसवलेली धातूची बारीक पट्टी, लांबी काही मिलिमीटर. रंग खरवडून, पॉलिश पेपरने घासून, तेलकटपणा पुसून ती चिकटवायची. सळई ताणली की पट्टीही ताणते आणि तिचा रोध वाढतो. १२० ओहमचा गेज आणि गेज फॅक्टर (रोधातला सापेक्ष बदल स्ट्रेनच्या किती पट) २ असेल, तर आपल्या ७९६ मायक्रोस्ट्रेनला रोध बदलतो फक्त ०.१९ ओहम. एवढा बारीक फरक पकडायला व्हीटस्टन ब्रिज हे रोध ताडून पाहणारं सर्किट लागतं. तापमानाचा परिणाम काढून टाकायला त्याच धातूच्या, भार नसलेल्या तुकड्यावर दुसरा गेज लावतात.

समोरासमोर दोन गेज लावा. सरासरी थेट ताण देते आणि फरकातून वाकणं कळतं. वरची अडीच मिलिमीटरची सरक अशीच उघडी पडते. गेज चिकटवण्याआधी जो स्ट्रेस होता तो मात्र गेजला कधीच दिसत नाही. उभ्या पुलावर गेज लावला तर पुलाच्या स्वतःच्या वजनाचा स्ट्रेस वेगळा काढून मिळवावा लागतो.

स्ट्रेस यील्डपेक्षा कमी आहे. मग निर्धास्त राहायचं का?

आपल्या सळईत २५० ÷ १५९ = १.५७ एवढी सुरक्षितता आहे. ती भाराच्या अंदाजातली चूक, मालातला फरक, गंज, सरक या सगळ्यांना मिळून पुरवायची आहे. भार पुनःपुन्हा येत-जात असेल तर यील्डच्या बऱ्याच खालच्या स्ट्रेसलाही चीर सुरू होते. पोलादाला साधारण एक अशी मर्यादा असते, जिच्याखाली तो लाखो फेरे सोसतो. घासून गुळगुळीत केलेल्या नमुन्यावर ती तुटण्याच्या ताकदीच्या निम्म्याच्या आसपास येते. वेल्ड, गंज, भोकं यांनी ती खूप खाली उतरते. अॅल्युमिनियमला अशी ठाम मर्यादा नसते, म्हणून तिथे फेऱ्यांची संख्या मोजूनच भाग बदलतात.

सॉफ्टवेअर रंगीत चित्रासह सगळं काढून देतं. हाताने कशाला करायचं?

आतल्या बाजूला धारदार कोपरा असलेलं मॉडेल घ्या आणि जाळी (सॉफ्टवेअर मॉडेल ज्या लहान तुकड्यांत कापतं ती) बारीक करत जा. कोपऱ्यावरचा स्ट्रेस दर वेळी वाढत जातो, कुठेच थांबत नाही, कारण सिद्धांतानुसार तिथला आकडा अमर्याद आहे. चित्रातला तो लाल ठिपका म्हणजे जाळीच्या आकाराचा आकडा. कोपऱ्याला खरी गोलाई द्या, मग उत्तर स्थिरावेल. उलट जाळी फार जाड असेल तर भोकाच्या कडेचा अडीचपट स्ट्रेस चित्रात दिसणारच नाही.

चित्र पाहण्याआधी तीन गोष्टी तपासा. सगळ्या आधारांच्या प्रतिक्रियांची बेरीज लावलेल्या भाराइतकी आहे का. भोकं आणि कोपरे यांपासून दूरच्या एका छेदावरचा स्ट्रेस बल भागिले क्षेत्रफळ किंवा मोमेंट भागिले सेक्शन मोड्युलसशी जुळतो का. आणि वाक किती आला: तो हाताच्या उत्तराच्या चौथ्या हिश्श्याइतकाच असेल, तर खरी तुळई आडवी ठेवायची आहे आणि मॉडेलमध्ये ती उभी पडली आहे.